जवळपास

आडनाव कारखानीस, आणि आयुष्य गेलं कारखान्यात –
हा विनोद बाबांचा, दर दिवाळीला एकदा.
आई हसायची नाही.
लोकरीच्या लडी खिडकीच्या उजेडात धरून सांगायची,
हा किरमिजी नाही, ह्यात विटकरी शिरलाय.
किडरमिन्स्टरच्या गालिच्यांना तिने सव्वीस वर्षं
रंग जुळवून दिले, नुसत्या डोळ्यांनी.
फोरमन म्हणायचा, जवळपास आहे की, नेली.
उत्तर ती घरी येऊन द्यायची, मराठीत, आम्हाला:
जवळपास म्हणजे नापास.

तेव्हा स्टोअर नदी रंगून वाहायची,
सोमवारी हिरवी, गुरुवारी कुसुंबी.
शाळेतून येताना पुलावर थांबून
मी वर्दी आणायची: आज जांभळी.
कसली जांभळी? ती विचारायची.
जांभळासारखी की वांग्यासारखी?

गॅरेजमध्ये गाडी कधी राहिलीच नाही.
तिथे रात्री नऊनंतर ती,
पायात बाबांचे बूट, स्वेटरवर स्वेटर,
एका बाजूला पॅराफिनचा स्टोव्ह,
आणि गालिच्यांच्या नक्षीचे रद्दीत निघालेले चौकटीचे कागद
भिंतीला डकवलेले.
पोळीला टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून
मी एकदा डबा शाळेतच ओतून दिला.
ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून कणीक बाबा मळू लागले.

गावच्या कलामंडळाने एकदाच घेतलं चित्र,
टांगलं कोटांच्या खुंट्यांमागे.
दिवसभर त्यावर लोकांचे ओले कोट.
दुसरं एक चर्चच्या जुन्या बाजारात पन्नास पेन्सला गेलं,
टॉलीबाईंनी घेतलं,
चौकट चांगली होती म्हणून.

मग ती शहाऐंशीची झाल्यावर
बर्मिंगहॅमहून मिस प्रिचर्ड आल्या,
पांढरे हातमोजे घालून, आमच्या गॅरेजात.
चार महिन्यांत भिंती, दिवे, जाड कागदाचं पुस्तक,
नलिनी कारखानीस, केवढ्या मोठ्या अक्षरांत.
टॉलीबाईंच्या नातवाने ते चित्रही आणून दिलं,
पाठीवर किमतीची चिठ्ठी तशीच.

पुस्तकात एक प्रकरण: करडा कालखंड, १९७४ ते ७६.
स्थलांतर, धुकं, हरवलेली भूमी, असं बरंच.
मी वाचून दाखवलं. आई म्हणाली,
अगं, तेव्हा बाबांची नोकरी गेली होती.
गॅरेजच्या दाराला आणलेला डबा अर्धा उरला होता.
सांगू का त्यांना?
नको. बिचारीने किती लिहिलंय.

उद्घाटनाला ती चाकांच्या खुर्चीत.
भाषणं चालू असताना हळूच पुढे सरकली,
पदराचं टोक जिभेला लावलं
आणि चित्राचा खालचा कोपरा पुसू लागली.
पहारेकरी धावला: मॅडम, हात लावायचा नाही.
माझंच आहे रे, ती मराठीत म्हणाली,
चुकलंय तिथे.
सगळे हसले, टाळ्या वाजल्या,
तोच फोटो वर्तमानपत्रात आला.
मी तो कोपरा बघत होते.
काय चुकलं होतं, मला दिसलं नाही.
अजून दिसत नाही.

फेब्रुवारीत ती गेली.
लोक विचारतात, इतक्या उशिरा? वाईट नाही वाटलं तिला?
वाटलं असेल. मला तिने एवढंच विचारलं होतं,
की इतके दिवे रात्री विझवतं कोण.

ह्या उन्हाळ्यात गॅरेजच्या दाराचे पोपडे निघाले.
मी ते जाड पुस्तक घेऊन रंगाच्या दुकानात गेले,
पान एकसष्ट उघडून काउंटरवर ठेवलं:
हा करडा द्या.
पोराने यंत्र चित्रावर टेकवलं.
दोनदा चुकलं.
तिसऱ्यांदा डबा घुसळून, झाकणावर बोटभर रंग लावून
माझ्यापुढे धरला.
जवळपास आहे, म्हणाला.

मी झाकण घेऊन दाराबाहेर उजेडात गेले.
बराच वेळ धरून उभी राहिले.
मग आत येऊन पैसे दिले.